अर्धी वाव

झटका आला तेव्हा बाबा बोटीवर नव्हते,
स्वयंपाकघरात हेरिंग साफ करत होते.
सुरी हातातच राहिली,
शब्द तेवढे सांडले.
लर्विकच्या इस्पितळात तीन आठवड्यांनी
एक परत आला:
साउंड.

वाचा सुधारायला येणारी मोर्वेन म्हणाली,
होतं असं, मिस इंक्स्टर,
कुणाकडे शिवी उरते, कुणाकडे बायकोचं नाव,
तुमच्या वडलांकडे हा उरला.
आईचं नाव ओस्ला होतं.
मी काही बोलले नाही.

मी शाळेत गणित शिकवते.
शब्दांशी माझं कधी फारसं जमलं नाही,
पण आता रात्री, आपलं, शब्दकोश घेऊन बसते.
जूनमध्ये इथं अंधार असा होतच नाही,
दिवाही लावावा लागत नाही.

उल्स्टाच्या धक्क्याला फेरी लागते,
बाबा खिडकीतून म्हणतात, साउंड.
खरंच आहे. समोर येल साउंड,
दोन बेटांमधून वाट काढणारी, राखाडी, सदा घाईतली.
नॉर्स लोक पोहण्यालाही हेच म्हणत.
पोहून पार करता येईल एवढं पाणी,
असाही एक अर्थ लावतात.
आमच्यात कुणी पोहून पलीकडे गेल्याचं
माझ्या तरी ऐकिवात नाही.

चहा बरा झालाय का?
साउंड.
हा वेगळा. जुन्या इंग्रजीतला, घरचा,
याचा सख्खा भाऊ जर्मनांकडे नांदतो.
धडधाकट, न किडलेलं,
बोटानं वाजवलं तर ठणठणीत बोलणारं लाकूड.
फळी विकत घेताना बाबा हेच म्हणायचे,
जावई बघून आले तेव्हाही हेच म्हणाले.
फळ्यांच्या बाबतीत त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

रेडिओ बंद केला की कासावीस होतात,
साउंड, साउंड.
हा लॅटिनमधून निघून
फ्रेंचांकडे मुक्काम करून आलेला आवाज.
येताना त्याला शेवटचा 'ड' नव्हताच,
तो इथल्या लोकांच्या जिभेनं चिकटवला.
शहाणे रागावले असतील,
जीभ ऐकते थोडीच.
संध्याकाळी थकले की
बाबांचाही 'ड' गळून पडतो,
पाच-सहाशे वर्षं मागे जाऊन बोलतात.

आणि काल, दुपारी,
काठीनं शेडकडे दाखवत, हट्टानं, चारदा.
आत शोधून शोधून शेवटी हाती आलं
खुंटीवरचं शिसं, दोरीसकट.
बुडाला खळगा आहे त्याच्या, त्यात चरबी भरायची.
तळाला टेकून वर आलं की
चिकटून यायची वाळू, शिंपल्यांचा चुरा, निळसर चिखल.
धुक्यात बाबा ते जिभेला लावून सांगायचे
आपण कुठं आहोत.
ठाव घेणं. हाही साउंडच,
फ्रेंच खलाशांकडून आलेला.
देवमासा सरळ खाली बुडी घेतो,
त्यालाही हाच शब्द.
केवढी जागा आहे या एवढ्याशा शब्दात,
आणि सात आठवडे मी
काठाशीच शिसं सोडत होते.

धक्क्याच्या टोकाला खुर्ची नेली.
शिसं बुडालं, टेकलं, दोरी सैल पडली.
वर ओढताना ती वावेनं मोजायची,
दोन्ही हात पसरून.
त्यांचा डावा पसरला.
उजवा मांडीवर पडून होता,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मी त्यांच्या उजवीकडे गुडघे टेकले,
खांद्याला खांदा लावून
माझा उजवा पसरला.
त्यांच्या बोटांपासून माझ्या बोटांपर्यंत
ओली दोरी, पुन्हा, पुन्हा.
तीन वाव, मी मोठ्यानं म्हणाले.

त्यांनी मान हलवली.
अंगठा आत दुमडून
डाव्या हाताची चार बोटं वर धरली.